तिसऱ्या दिवशीच्या मुंग्या

इंदूरच्या रामबागेतले एक काका सकाळी बाथरूममध्ये घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. वय एकाहत्तर, निवृत्त, रोज फिरायला जाणारे, गणपतीत मंडळाचा हिशेब पैशापैशानं जुळवणारे. त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं, छान झालं. दुसऱ्या दिवशी हात थरथरू लागले, झोप उडाली. ‘अशक्तपणा असेल’ म्हणून सलाईन लागलं. तिसऱ्या दिवशी पहाटे साडेतीनला काका पलंगावर उठून बसले आणि चादरीवरच्या मुंग्या झटकू लागले.

चादरीवर एकही मुंगी नव्हती. अंग घामानं निथळत होतं, नाडी एकशे चाळीसवर गेली होती आणि काका नर्सला ओरडून सांगत होते, “पाट मांडा, पंगत खोळंबलीय.” मुलाला वाटलं भूल अजून उतरली नाही. काकूंच्या बहिणीला वाटलं बाहेरचं काही लागलंय. हाडांच्या वॉर्डातल्या रेसिडेंटला मेंदूत गुठळीची शंका आली. मग मला फोन आला.

मी फिजिशियन आहे, आणि इंदूरच्या रुग्णालयांत माझं अर्ध्याहून जास्त आयुष्य गेलंय. ‘तिसरा दिवस’ आणि ‘मुंग्या’ हे दोन शब्द एकत्र ऐकले की मी आधी एकच गोष्ट विचारते. “काका घेतात का?”

“छे हो डॉक्टर,” काकू म्हणाल्या, “आमच्याकडे नाही असलं काही.”

पाच मिनिटांनी सून बाटलीत पाणी भरायचं निमित्त करून बाहेर आली आणि कूलरजवळ हळूच म्हणाली, “स्कूटरच्या डिक्कीत असते. रोज एक क्वार्टर. आईंना माहीत आहे.”

(या लेखातल्या माणसांच्या खुणा मी पुसून टाकल्या आहेत, काही ठिकाणी दोघातिघांचा एक केलाय. रामबागेत कोणाचा खुबा मोडला होता ते आठवत बसू नका.)

काकांना काय झालं होतं ते आधी सांगते, कारण हे ठाऊक नसल्यामुळे धडधाकट माणसं दगावतात. क्वार्टर म्हणजे १८० मिली. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. हिशेब केला तर एका क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल भरतं. जागतिक आरोग्य संघटना एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा त्याहून जास्त घेणं हे ‘जड पिणं’ मानते. ‘मी फक्त बियर घेतो’ म्हणणाऱ्यांसाठी: ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बियरच्या ६५० मिलीच्या बाटलीत ४० ग्रॅम असतं. लिव्हर तासाला सात ते दहा ग्रॅम निस्तरतं, त्याहून जास्त नाही. लिंबूपाणी प्या, गार पाण्यानं आंघोळ करा, त्याचा वेग वाढत नाही. म्हणजे रात्री नऊला घेतलेली क्वार्टर पहाटेपर्यंत रक्तात फिरत असते. असं वीस वर्षं रोज चाललं, तर मेंदूला दारू नसलेली रात्र माहीतच उरत नाही.

दारू मेंदूला शांत करते, म्हणजे त्याची धावपळ दाबून ठेवते. असं समजा की एक माणूस बाहेरून दार ढकलून बंद करू पाहतोय. आतल्यांना दार उघडं हवंय, म्हणून तेही आतून ढकलतात. बाहेरचा जोर लावील तसा आतल्यांचा जोर वाढत जातो, वर्षानुवर्षं. बघणाऱ्याला दार जागच्या जागी दिसतं. म्हणूनच रोज पिणारा माणूस ‘व्यवस्थित’ दिसतो, ऑफिसला जातो, हिशेब जुळवतो. आणि एक दिवस बाहेरचा माणूस अचानक बाजूला होतो.

आतले सगळे एकदम धाडकन बाहेर येतात, ते म्हणजे दारू तुटल्यावरचे त्रास. शेवटचा घोट गेल्यापासून सहा-आठ तासांत हात कापू लागतात, घाम येतो, जीव घाबरतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन दिवस उलटल्यावर, चौथ्या दिवसापर्यंत केव्हाही, काहींना भ्रम होतो: मुंग्या, उंदीर, साप, भिंतीवर चालणारी माणसं, मेलेले नातेवाईक. सोबत ताप, उसळलेली नाडी, वाढलेलं ब्लडप्रेशर. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. थॉमस सटन नावाच्या इंग्रज डॉक्टरनं १८१३ साली हे नाव दिलं. औषधं नव्हती त्या काळात यात तिघांतला एक जण जाई. आज वेळेत ओळखलं तर शंभरात पाचसुद्धा जात नाहीत. उपचार तसा सोपा आहे. डायझेपाम किंवा लोराझेपामसारखं औषध देऊन तोच दाब दुसऱ्या हातानं धरायचा आणि काही दिवसांत हळूहळू सोडायचा. काकांना लोराझेपाम दिलं आणि ब-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, शिरेतून दिलं.

थायमिनबद्दल दोन वाक्यं जास्त. सतत पिणारा माणूस जेवत कमी असतो आणि जे जेवतो त्यातलं ब-१ आतड्यातून नीट शोषलं जात नाही. मेंदूला साखर जाळायला हे जीवनसत्त्व लागतं. अशा माणसाला ‘अशक्तपणा’ म्हणून नुसती ग्लुकोजची सलाईन चढवली, तर उरलंसुरलं ब-१ संपतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. डोळे नीट फिरत नाहीत, चाल फेंगडी होते, आणि पुढे नवी आठवण साठतच नाही. सकाळी भेटलेला माणूस दुपारी ओळखीचा राहत नाही. हे टाळणारं इंजेक्शन स्वस्त आहे. ते द्यायला हवं हे कळण्यासाठी मात्र माणूस पितो हे कोणीतरी सांगावं लागतं.

काका वाचले. पाचव्या दिवशी मला म्हणाले, “मॅडम, मी काही बोललो का हो?” मी म्हटलं, पंगत मांडायला सांगत होतात. ते हसले आणि मग बराच वेळ खिडकीकडे बघत राहिले.

भरतीच्या वेळी त्यांना कोणी विचारलं नव्हतं असं नाही. छापील फॉर्मवर ‘व्यसन: नाही’ अशी खूण होती. प्रश्नच तसा असतो. ‘दारू पिता का?’ या प्रश्नाला मराठी मध्यमवर्गीय घरात दोनच उत्तरं आहेत: ‘नाही’ आणि ‘कधीतरी’. मी आता विचारते, “शेवटची केव्हा घेतली होती?” यात पिण्याचा आरोप नसतो, वेळ विचारलेली असते. लोक वेळ सांगून टाकतात. “काल रात्री जेवणाआधी.” मग पुढचा प्रश्न: “सकाळी हात थरथरतात का? थोडी घेतली की थांबतात का?” याला ‘हो’ आलं की केसपेपरवर लाल पेनानं लिहायचं.

श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात आमच्या कॅज्युअल्टीत फिट येऊन येणारे पुरुष असतात. इंदुरात तर दोन श्रावण. शेजारच्या हिंदी घरांचा सावन आषाढी पौर्णिमा झाली की सुरू होतो, आपला त्यानंतर पंधरवड्यानं, गटारी उलटल्यावर. पिणाऱ्याला दोन्हींतला सोयीचा निवडता येतो, हा भाग वेगळा. पण जो खरंच मनावर घेऊन, देवासमोर हात जोडून, एका रात्रीत सोडतो, तोच तिसऱ्या दिवशी माझ्याकडे येतो. घरचे म्हणतात, बघा, चांगलं काम करायला गेला आणि देवानं काय केलं. देवाचा काही संबंध नाही. रोज भरपूर पिणाऱ्यानं, विशेषतः ज्याला सकाळी थरथर होते किंवा पूर्वी फिट आलीय त्यानं, एकदम सोडू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. मीठ-मोहरी ओवाळून टाकतात तशी ती टाकता येत नाही. कोणाला विचारावं हे कळत नसेल तर केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे, आणि टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक कोणत्याही मानसिक त्रासासाठी आहे. दोन्ही फुकट, नाव सांगायची सक्ती नाही.

घरचे रुग्णापासून लपवतात तो प्रकार याहून धोक्याचा. वर्तमानपत्रातली छोटी जाहिरात तुम्ही पाहिली असेल, रेल्वेलाइनच्या भिंतींवरही असते: ‘न सांगता दारू सोडवा’. वरणात मिसळायची, वास-चव नसलेली पुडी. अशा पुड्यांत काय असतं ते बनवणारा जाणे, पण काहींत डायसल्फिरामची गोळी कुटलेली असते. हे खरं औषध आहे. त्याचा शोध मजेशीर लागला. १९४०च्या दशकात कोपनहेगनमधले दोन संशोधक ते जंतांवर चालतं का बघत होते आणि त्यांनी स्वतःच घेऊन पाहिलं. मग पार्टीत थोडी दारू घेतल्यावर दोघांचीही अवस्था वाईट झाली. कारण असं: लिव्हर दारूचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचं विष बनवतं आणि दुसऱ्या पायरीला ते विष निकामी करतं. डायसल्फिराम ही दुसरी पायरी अडवतं. विष साठतं, चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, ब्लडप्रेशर कोसळतं. हृदयविकार असलेला माणूस यात जाऊ शकतो.

ज्याला हे औषध माहिती देऊन, त्याच्या संमतीनं दिलं जातं, तो दारूच्या दुकानासमोरून जाताना विचार करतो: सकाळी गोळी घेतलीय, आज प्यायलो तर मरेन. या औषधातलं निम्मं काम भीती करते. न सांगता दिलं तर भीती गेली, फक्त विष उरलं. एका बाईंनी मला रडत सांगितलं होतं, “मी तर त्यांच्या भल्यासाठीच घातलं हो.” त्यांच्या यजमानांना आम्ही आयसीयूतून बाहेर काढलं. त्यांनी काय घातलं होतं हे यजमानांना सांगायचं की नाही, यावर आम्ही दोघींनी जिन्यात उभं राहून अर्धा तास घालवला. शेवटी त्यांनी स्वतः सांगितलं. पुढे काय झालं मला ठाऊक नाही, ते पुन्हा आले नाहीत.

हल्ली भाषणांत एक वाक्य असतं: व्यसन हा मधुमेहासारखाच आजार आहे. हेतू चांगला आहे, पण मला ते अर्धंच पटतं. मधुमेही माणूस बायकोचं मंगळसूत्र गहाण टाकत नाही. मुलाच्या फीचे पैसे उडवत नाही. घरच्यांचा राग खरा असतो, आणि ‘तो आजारी आहे, रागावू नका’ असं म्हणून मी तो पुसू शकत नाही. पटणारा अर्धा भाग हा: ज्या अवयवानं ‘आता बास’ म्हणायचं, तोच अवयव या आजारात बिघडलेला असतो. पाय मोडलेल्याला कोणी ‘जरा मनावर घेऊन धाव’ म्हणत नाही, इथे मात्र मोडलेल्या मनालाच मनावर घ्यायला सांगतात. संस्कृतात व्यसन या शब्दाचा एक अर्थ संकट असा आहे. मराठीत येता येता त्याचा दोष झाला.

आणि दोष झाला की लपवणं आलं. २०१९ साली केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सनं केलेल्या देशव्यापी पाहणीचे आकडे आले. त्यानुसार दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसला तरी उपचार मिळालेला होता. बाकीचे सदतीस आपल्या आसपासच असतात, स्कूटरच्या डिक्कीसह. इंदूरची बरीच मराठी कुटुंबं माणसाला पुण्याला मुक्तांगणला नेतात. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली सुरू केलेलं ते व्यसनमुक्ती केंद्र चांगलंच आहे. पण मी कारण विचारते तेव्हा उत्तर बहुतेक वेळा उपचारांच्या दर्जाचं नसतं. “इथे कोणीतरी ओळखीचं भेटतं हो.”

इंदुरात राहून अफूबद्दल न बोलणं म्हणजे सराफ्यात जाऊन भुट्टे का कीस न खाणं. आमच्या वायव्येला रतलाम, मंदसौर, नीमच. तिथे सरकारी पट्टा घेऊन अफू पिकवतात. पट्टे देणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोचं मुख्यालय ग्वाल्हेरला आहे, आणि नीमचला सरकारी कारखाना आहे, जिथे अफूच्या बोंडातल्या चिकापासून मॉर्फिन, कोडीन अशी औषधं काढतात. चीक काढून झाल्यावर बोंडाचं जे टरफल उरतं तो डोडा. त्याचं पाणी पिणारी माणसं या भागात पिढ्यानपिढ्या आहेत. आग्रा-मुंबई रस्त्यावरच्या ट्रक ड्रायव्हरांना त्याची ओळख करून द्यावी लागत नाही.

अफूचं गणित दारूच्या उलटं आहे. अफू तुटली की नाक गळतं, जांभया येतात, अंगावर काटा उभा राहतो, हाडं ठणकतात, जुलाब होतात. रुग्ण शपथेवर सांगतो की मी मरतोय. पण पाणी-क्षार नीट मिळाले तर त्यानं सहसा कोणी मरत नाही. मरतात ते सोडल्यानंतर, परत सुरू करताना. रोजच्या सवयीनं शरीर मोठ्या मात्रेला निबर झालेलं असतं. महिनाभर बंद ठेवली की ती निबरता जाते, आठवण मात्र जुन्या मात्रेचीच असते. तुरुंगातून किंवा केंद्रातून सुटून आलेला मुलगा पूर्वीइतकीच ब्राऊन शुगर, म्हणजे अफूपासूनचं अशुद्ध हेरॉइन, घेतो, आणि मेंदूतलं श्वासाचं केंद्र झोपी जातं. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, ओठ निळे, मिनिटाला चार श्वास. नॅलोक्सोन, म्हणजे अफूचा अंमल उतरवणारं औषध, वेळेत मिळालं तर असा मुलगा दोन मिनिटांत उठून बसतो आणि माझी नशा का उतरवली म्हणून आपल्याला शिव्या देतो. अशा शिव्या मला फार आवडतात.

रतलामजवळच्या जावऱ्याकडचे एक बाबा होते. सत्तरीचे, चाळीस वर्षं डोड्याचं पाणी प्यायलेले, आणि आता तोंडाचा कॅन्सर, गालातून बाहेर आलेला. उपचार संपले होते, वेदना उरली होती. मॉर्फिनची गोळी दर चार तासांनी लिहिलेली होती. दोन तास झाले की बाबा हाका मारायचे. तिसऱ्या रात्री रेसिडेंटनं फाइलमध्ये लिहिलं, ‘नशेसाठी मागतो, देऊ नये.’ तो रेसिडेंट हुशार होता, कष्टाळू होता, आणि त्याला कॉलेजात आम्ही जे शिकवलं तेच त्यानं केलं होतं.

सकाळी मी बाबांजवळ बसले. जबडा उघडत नव्हता, बोलणं मालवी बोलीत आणि निम्मं हातवाऱ्यांत. त्यांच्या म्हणण्याचा अर्थ एवढाच होता: नशा नको बाई, झोप हवी. चाळीस वर्षं अफू पचवलेल्या शरीराला दहा मिलिग्रॅम मॉर्फिन म्हणजे उंटाच्या तोंडात जिरं. ज्या मात्रेत दुसरा रुग्ण शांत झोपेल ती यांना जाणवतसुद्धा नव्हती. त्यांच्या रोजच्या अफूइतकं मॉर्फिन आधी द्यायला हवं, आणि वेदनेसाठीचं त्याच्या वर. मात्रा टप्प्याटप्प्यानं वाढवली, श्वास मोजत, सोबत बद्धकोष्ठाचं औषध देत. (मॉर्फिन लिहिणारा डॉक्टर हे औषध लिहायला विसरला, तर रुग्ण त्याला कधी माफ करत नाही.) दोन दिवसांत हाका थांबल्या. बाबा झोपले. जागे झाल्यावर त्यांनी जास्तीची गोळी मागितली नाही, नातवाला शेताबद्दल काहीतरी विचारलं. दुखणं थांबल्यावर मागणं थांबलं, तेव्हा ते नशेचं मागणं नव्हतं हे उघडच आहे. अकरा दिवसांनी ते गेले, फारसे न तळमळता.

ज्या मातीत मॉर्फिन पिकतं तिथलीच माणसं वेदनेत मरतात, याला कायद्याचा इतिहास आहे. १९८५चा नार्कोटिक्स कायदा इतका कडक होता आणि परवाने इतके प्रकारचे लागत, की अनेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच बंद केलं. डॉक्टरांची एक अख्खी पिढी ते लिहायला न शिकता बाहेर पडली. त्या पिढीत मीही आले. २०१४च्या दुरुस्तीनं नियम सोपे केले, आता मान्यताप्राप्त रुग्णालयाला राज्याचा एकच परवाना पुरतो. कागद बदलला, पण हात अजून आखडतो. आणि समोरचा रुग्ण पूर्वीचा व्यसनी असेल तर जास्तच.

आता लिव्हरचं. सुदामा नगरातलं एक कुटुंब होतं. रेडिमेड कपड्यांचं दुकान, वहिनी शाळेत शिक्षिका, मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. दुकान चालवणाऱ्या गृहस्थांचं वय सेहेचाळीस. पहिल्यांदा कावीळ झाली तेव्हा ती मंतरलेल्या माळेनं उतरवण्यात दोन महिने गेले. मग पोटात पाणी झालं, आपले जुने लोक जलोदर म्हणत ते. मग रक्ताची उलटी. मी त्यांना पाहिलं ते तिसऱ्या उलटीच्या वेळी.

दारूनं लिव्हरला सूज येते, सूज भरताना वण पडतो, आणि वर्षानुवर्षं वणावर वण पडून लिव्हर टणक, गाठाळ होतं. हे सिरोसिस. आतड्यांकडून येणारं सगळं रक्त लिव्हरमधून पुढे जातं. टणक लिव्हरमधून ते जाऊ शकत नाही. जवाहर मार्ग बंद झाला की राजवाड्याच्या गल्लीबोळांतून जशी वाहनं घुसतात, तसं ते रक्त अन्ननलिकेच्या बारीक शिरांतून वाट काढतं. शिरा फुगतात आणि एक दिवस फुटतात. दुर्बिणीतून आम्ही त्यांना रबराची कडी घालतो, ती टिकते, पण पाठीमागचा दाब तसाच असतो. शिवाय रक्त गोठवणारे घटक लिव्हरच बनवतं, त्यामुळे फुटलेलं लवकर थांबत नाही. आतड्यात तयार होणारा अमोनिया साफ न झाल्यानं माणूस दिवसा झोपतो, रात्री जागतो, शर्टाची बटणं चुकीची लावतो, मुलाचं नाव विसरतो. घरच्यांना वाटतं पुन्हा प्यायलाय. कित्येकदा तो तेव्हा प्यायलेला नसतो.

वण पूर्ण भरून येत नाही, हे खरं. पण पोटात पाणी झाल्यावरसुद्धा ज्यांनी सोडली असे रुग्ण माझ्या ओपीडीत वर्षानुवर्षं येतात, दिवाळीला चकल्या आणतात. ‘आता काय उपयोग’ हे वाक्य वैद्यकीयदृष्ट्या चुकीचं आहे. लिव्हर बदलणं हा मार्गही आहे, पण खर्च लाखांत, देणारा माणूस हवा, आणि बरीच केंद्रं सहा महिने दारूशिवाय काढण्याची अट घालत आली आहेत. ज्याला सर्वांत जास्त गरज असते त्याच्याकडे बहुधा सहा महिनेच नसतात. ही अट आता काही ठिकाणी सैल होतेय. या गृहस्थांसाठी ती चर्चा फार उशिरा सुरू झाली.

भरतीच्या दिवशीच त्यांचा धाकटा भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला होता, “मॅडम, केसपेपरवर दारूचं लिहू नका. क्लेम अडकेल.” हे मी आठवड्यातून दोनदा ऐकते, आणि तो लबाड नव्हता. आरोग्य विम्याच्या पॉलिसीत व्यसन आणि त्याचे परिणाम वगळण्याचं कलम सर्रास असतं. दुसरीकडे २०१७चा मानसिक आरोग्य कायदा दारू आणि ड्रग्जमुळे होणाऱ्या मानसिक अवस्था आजारात धरतो, आणि मानसिक आजाराला शरीराच्या आजारासारखाच विमा द्या असंही सांगतो. एक कायदा म्हणतो आजार आहे, पॉलिसी म्हणते तुझी चूक आहे. मधे सापडलेला भाऊ डॉक्टरला सांगतो की लिहू नका. मी लिहिते. कारण रात्रपाळीच्या डॉक्टरला ते वाचूनच थायमिन द्यायचं असतं.

सहाव्या दिवशी, खोलीत कोणी नसताना, त्यांनी विचारलं, “या वेळी घरी जाईन का?”

घरच्यांनी बजावलं होतं, त्यांना काही सांगू नका. सगळेच बजावतात. पण विचारणाऱ्याला बहुतेक उत्तर माहीत असतं, त्याला फक्त ते एकट्यानं सांभाळायचं नसतं. मी खुर्ची ओढून बसले. उभ्या डॉक्टरनं सांगितलेलं रुग्णाला ऐकू येत नाही. म्हटलं, “मला तसं वाटत नाही.” ते बराच वेळ गप्प राहिले. माफी, पश्चात्ताप, असलं काही बोलले नाहीत. म्हणाले, “दाढी करून मिळेल का? मुलगा भोपाळहून येतोय.”

रक्त गोठत नसलेल्या माणसाला वस्तऱ्यानं दाढी म्हणजे नसती आफत. वॉर्डबॉयनं कुठूनतरी ट्रिमर पैदा केला आणि अर्धा तास लावून त्यांची दाढी केली, मिशी कोरली. मुलगा आला तेव्हा ते बरे दिसत होते. दोघं क्रिकेटबद्दल बोलले.

त्या रात्री व्हेंटिलेटरचा प्रश्न आला. लावला असता तर चार-दोन दिवस वाढले असते, नळीसकट. अशा वेळी यंत्र न लावणं म्हणजे माणसाला मारणं नव्हे. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली सन्मानानं मरण्याचा हक्क मान्य केला आणि २०२३ साली त्याची पद्धत सोपी केली. भाऊ म्हणत होता, सगळं करा. ज्यानं आयुष्यभर भांडण केलेलं असतं तो शेवटी ‘सगळं करा’ म्हणतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय. वहिनी म्हणाल्या, “त्यांना विचारलं होतं मी मागच्या वेळी. नळी नको म्हणाले होते.” मग नळी घातली नाही. गुंगीचं औषध दिलं, तोंडात ओला कापूस फिरवत राहिलो. पहाटे ते गेले.

वहिनी बाकावर बसल्या होत्या. “डॉक्टर, मला रडूच येत नाहीये. काही बिघडलंय का माझं?” मी नाही म्हटलं. रात्री दार वाजेपर्यंत जागणारी, पगार लपवणारी, नातेवाइकांत खोटं हसणारी बाई आधीच पंधरा वर्षं थोडं थोडं रडलेली असते. तिला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटतं आणि तसं वाटल्याची शरम वाटते. काही महिन्यांनी, एखाद्या भलत्याच वेळी, दुकानात त्यांच्या मापाचा शर्ट दिसला की रडू येतं. तसं झालं तर घाबरू नका, एवढं सांगून ठेवलं.

रुग्णालयात मृत्यू झाला की फॉर्म क्रमांक चार भरावा लागतो. त्यात मृत्यूच्या कारणासाठी तीन ओळी असतात. पहिलीत लगेचचं कारण, दुसरीत ते ज्यामुळे झालं ते, तिसरीत मुळाशी असलेलं. बरेचदा दोन ओळी भरून तिसरी रिकामी सोडतात. भाऊ टेबलाशी उभा होता. तो या वेळी काही म्हणाला नाही, नुसता माझ्या पेनाकडे बघत राहिला. मी तिन्ही ओळी भरल्या.

वहिनींनी कागद हातात घेतला, उलटा-सुलटा केला. चष्मा घरी राहिला होता. “मराठीत सांगा ना, काय लिहिलंय.”

मी वाचून दाखवलं. अन्ननलिकेतून रक्तस्राव. लिव्हरचा सिरोसिस. अनेक वर्षांचं मद्यपान.

त्यांनी मान हलवली, कागदाची नीट चौपदरी घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि विचारलं, शववाहिनी कुठल्या गेटला लागते.